सागरतळाचे दप्तर

इतिहासाच्या अभ्यासकांना एक गोष्ट अनुभवाने पुरती ठाऊक असते. कागद कितीही जुना असो, त्यावर मिती नसेल, तो कोणी कोणास लिहिला हे कळत नसेल आणि तो कोणत्या रुमालातून निघाला याची नोंदही हरवली असेल, तर त्याचे मोल निम्म्याहून अधिक उतरते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची उमेदीची वर्षे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत गेली. पुढे त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून प्रसिद्ध केले. ते काम एवढे मोठे का मानले जाते? कागद तर आधीपासून होतेच. परंतु जे कागद बासनात बांधलेले होते ते लावले गेले, छापले गेले आणि ज्याला वाचता येईल त्या प्रत्येकाच्या हाती आले. दप्तर खऱ्या अर्थाने दप्तर होते ते त्यानंतरच.

असेच एक दप्तर समुद्राच्या तळाशी आहे. पेशवाईच काय, मनुष्यजातही जेव्हा नव्हती तेव्हापासून ते लिहिले जात आहे. वाऱ्याने उडालेली धूळ, नद्यांनी आणलेली माती, ज्वालामुखींची राख आणि समुद्राच्या पृष्ठभागावर जगून मेलेल्या सूक्ष्म जीवांची कवचे हे सारे सावकाश खाली उतरते व थरावर थर चढत जातो. किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात हा थर हजार वर्षांत काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर वाढतो. जमिनीवरील खडक ऊनपावसाने झिजतात. सागरतळाचा गाळ मात्र पुष्कळ ठिकाणी जसा साठला तसाच राहतो. म्हणूनच पृथ्वीच्या गेल्या काही कोटी वर्षांच्या हवापाण्याचा सर्वांत सलग वृत्तांत त्याच्यात सापडतो.

हा वृत्तांत वर काढण्याच्या धाडसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जहाजे, वादळे, मैलोगणती लांबीच्या पोलादी नळ्या यांचे आकर्षण कोणाला नसते? परंतु वर काढलेला हा चिखल लावून कसा ठेवला, त्याच्या नोंदी कोणी व कशा केल्या आणि त्या साऱ्या जगाला कशा वाटल्या, ही हकिकतही तेवढीच उद्‌बोधक आहे. किंबहुना त्या साहसाला फळ आले ते या शांत, कारकुनी वाटणाऱ्या कामामुळेच.

एका छिद्राकडून अनेक छिद्रांकडे

या उद्योगाचा आरंभ १९६१ साली झाला. पृथ्वीचे कवच भेदून त्याखालील प्रावरणापर्यंत पोचावयाचे, अशी 'मोहोल' नावाची एक महत्त्वाकांक्षी योजना अमेरिकेत निघाली होती. मेक्सिकोच्या पश्चिमेस ग्वादालूप बेटाजवळ सुमारे साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात एका जहाजावरून तळाला भोक पाडण्यात आले. ते तळाखाली १८३ मीटर गेले आणि शेवटी काळा बेसाल्ट खडक हाती आला. प्रसिद्ध कादंबरीकार जॉन स्टाइनबेक या सफरीवर होते व 'लाइफ' साप्ताहिकासाठी त्यांनी तिचा वृत्तांत लिहिला. पुढे खर्च आवाक्याबाहेर गेला आणि १९६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने योजनेचा पैसा बंद केला.

त्या अपयशातून एक शहाणपण निघाले. एकच अतिखोल छिद्र पाडण्यापेक्षा जगाच्या सर्व समुद्रांत शेकडो छिद्रे पाडावी आणि त्यांची साक्ष परस्परांशी ताडून पाहावी, असा विचार पुढे आला. स्क्रिप्स, वुड्स होल, लॅमाँट व मायामी या चार सागरविज्ञान संस्थांनी १९६४ मध्ये त्यासाठी एक मंडळ स्थापन केले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये 'ग्लोमार चॅलेंजर' हे जहाज पहिल्या मोहिमेवर निघाले. १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांचा शोध घेणाऱ्या ब्रिटिश 'चॅलेंजर' जहाजावरून त्याला हे नाव दिले होते. त्या जुन्या सफरीचा अहवाल ५० खंडांचा झाला होता. नव्या जहाजाने तोही विक्रम मागे टाकावयाचा होता.

१९८३ पर्यंत 'ग्लोमार चॅलेंजर'ने ९६ मोहिमा केल्या, ६२४ स्थळी वेधन केले आणि सुमारे ९७ किलोमीटर लांबीचे नमुने वर आणले. त्यानंतर १९८५ पासून 'जॉयडीस रेझोल्यूशन' हे जहाज आले आणि एकविसाव्या शतकात जपानचे प्रचंड 'चिक्यू' त्याच्या जोडीस आले. कार्यक्रमांची नावे बदलत गेली, सदस्य राष्ट्रे वाढत गेली. आज या सर्व मोहिमांचे मिळून चारशे किलोमीटरहून अधिक लांबीचे नमुने जपून ठेवलेले आहेत. ते एका ओळीत मांडले तर इंदूरपासून वडोदऱ्यापर्यंतचा रस्ता भरून वर उरतील.

एवढा पसारा हरवू न देता सांभाळणे हे काम सोपे नव्हते.

गाभ्याची जन्मपत्रिका

वेधनाची नळी तळात घुसते तेव्हा तिच्या पोकळीत गाळाचा किंवा खडकाचा एक दंडगोल भरतो. त्याला भूशास्त्रात 'गाभा' म्हणतात. एका वेळी जास्तीत जास्त साडेनऊ मीटरच्या आसपास गाभा मिळतो. तो प्लास्टिकच्या नळीत भरलेला असतो व त्याची जाडी मनगटाएवढी, म्हणजे साडेसहा सेंटिमीटरच्या सुमारास असते. 'गाभा आला' अशी हाळी होताच डेकवरची मंडळी धावतात. जहाजावर बारा बारा तासांच्या दोन पाळ्या असतात; त्यामुळे ही हाळी मध्यरात्रीही तितक्याच उत्साहाने दिली जाते.

आता खरे काम सुरू होते. नळी पुसून तिचे दीड दीड मीटरचे खंड पाडतात. प्रत्येक खंडाच्या वरच्या टोकाला निळी टोपी आणि खालच्या टोकाला बिनरंगी टोपी बसवितात. ही बाब वरवर क्षुल्लक दिसेल. परंतु चुकून खंड उलटा झाला तर आधीचे नंतर आणि नंतरचे आधी होईल, आणि पृथ्वीचा इतिहास त्या दीड मीटरपुरता मागे चालू लागेल. म्हणून टोपीचा रंग हा तेथे नियम आहे, आवड नव्हे.

मग त्या खंडाला नाव मिळते. हिंदी महासागरातले एक उदाहरण घेऊ: '३५५–यू १४५६ ए–५ एच–३'. बाहेरच्या माणसाला हे बीजगणित वाटेल. जाणत्याला मात्र ही संपूर्ण जन्मपत्रिका आहे. ३५५ हा मोहिमेचा क्रमांक. 'यू' म्हणजे अमेरिकी जहाज, १४५६ हे स्थळ. एकाच स्थळी अनेक छिद्रे पाडतात, त्यांतले हे 'ए' म्हणजे पहिले. त्या छिद्रातून वर आलेला हा पाचवा गाभा. 'एच' या अक्षरावरून तो कोणत्या प्रकारच्या अवजाराने काढला हे कळते. पाण्याच्या दाबाने मऊ गाळात एका झटक्यात घुसणारी जी नळी असते तिची ही खूण. शेवटचा ३ म्हणजे वरून तिसरा खंड. यापुढे खंडाच्या माथ्यापासून मोजलेले सेंटिमीटर लिहिले की, साऱ्या जगाच्या समुद्रतळातून चिमूटभर माती नेमकी कोठून घेतली हे ठरते. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि गाव सांगितल्यावर माणूस जसा ओळखू येतो, तशातलाच हा प्रकार.

यानंतर खंड न फोडता त्याची घनता व चुंबकीय गुण यंत्राने मोजतात. मग तो उभा चिरून त्याचे दोन अर्ध करतात. एक अर्ध कामाचा. त्यातून नमुने काढले जातात. दुसरा अर्ध जतनाचा. त्याचे छायाचित्र घेतात, त्यातील थरांचे वर्णन लिहितात आणि तो शक्य तितका अस्पर्श ठेवतात. कामाच्या अर्धातून जेथे माती काढली असेल तेथे पोकळी भरून काढण्यासाठी स्पंजासारखा तुकडा बसवितात. पुढे येणाऱ्याला कोणी, काय आणि कोठून नेले हे कळले पाहिजे, हा त्यामागील हेतू. उसने नेलेल्या भांड्याची नोंद भिंतीवर कोळशाने करून ठेवणारी जुनी गृहिणी हीच शिस्त पाळीत असे.

तुटलेले धागे

गाभा सलग असतो अशी आपली समजूत होईल. पण वस्तुस्थिती तशी नाही. एक नळी भरून वर गेली व दुसरी खाली आली, या दरम्यान थोडा गाळ निसटतो. कधी नळी पूर्ण भरत नाही. साडेनऊ मीटर भेदले आणि सहाच मीटर हाती आले, असे घडते. उरलेले साडेतीन मीटर वरचे गेले की खालचे, हे कोण सांगणार? म्हणून एक संकेत ठरविण्यात आला: जे मिळाले ते वरच्या टोकापासून मिळाले असे धरून खोली लिहावयाची. हे सदैव खरे असेल असे नाही. परंतु सगळ्यांनी एकच संकेत पाळला तर पुढे दुरुस्ती करता येते. ज्याने त्याने आपापल्या मर्जीप्रमाणे लिहिले असते तर दुरुस्तीचीही सोय राहिली नसती.

निसटलेला भाग भरून काढण्याची युक्ती मोठी नामी आहे. त्याच स्थळी काही मीटर बाजूला दुसरे, तिसरे छिद्र पाडतात आणि गाभ्यांचे सांधे मुद्दाम वेगळ्या खोलीवर येतील अशी योजना करतात. पहिल्यातील फट जेथे पडते तेथे दुसऱ्यात गाळ सलग असतो. मग रंग, घनता व चुंबकत्व यांच्या चढउतारांवरून दोन्ही गाभे शेजारी लावून जुळवितात आणि त्यांतून एक अखंड पट तयार करतात. पोथीच्या दोन जीर्ण प्रतींवरून एक पूर्ण संहिता सिद्ध करण्याचे काम ज्यांनी केले असेल त्यांना यातील चिकाटी चटकन समजेल. अर्थात ही जुळणी कोणत्या छिद्रातील कोणत्या सेंटिमीटरवर केली याचीही नोंद ठेवावी लागते, नाहीतर पुढच्याला ती तपासता येत नाही.

निरीक्षण वेगळे, अनुमान वेगळे

या दप्तराच्या मांडणीत एक तत्त्व फार मोलाचे ठरले. डोळ्यांनी पाहिलेले व यंत्राने मोजलेले एका बाजूला आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी आहे. गाभ्यात अमुक खोलीवर अमुक जातीच्या सूक्ष्मजीवाचे शेवटचे कवच सापडले, हे निरीक्षण. तो थर अमुक कोटी वर्षांपूर्वीचा, हे अनुमान. निरीक्षण टिकते, अनुमान बदलते.

याचे ढळढळीत उदाहरण डायनोसॉरांच्या अंताचे. ज्या आपत्तीत ते नष्ट झाले तिचा काळ विसाव्या शतकातील ग्रंथांतून ६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा असा दिला जाई. कालमापनाच्या रीती सुधारल्यावर तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरला. आता जुन्या वहीत नुसते वयच लिहून ठेवले असते, तर त्या वह्या निकामी झाल्या असत्या. खोली आणि जीवाश्म लिहून ठेवल्यामुळे नवे कालमापन लावताच सर्व जुन्या नोंदी पुन्हा ताज्या झाल्या.

सगळेच मात्र इतके सुरळीत नव्हते. काचपट्टीवर गाळाचा लेप देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा एक शास्त्रज्ञ ज्याला 'चुनामिश्रित चिकणमाती' म्हणे, त्याला दुसरा 'चिकणमातीमिश्रित चुना' म्हणे. आरंभीच्या मोहिमांतील वर्णने पानोपानी अशी निराळी आहेत. माणसाला त्यातून मार्ग काढता येतो. संगणकाला येत नाही. म्हणून शब्द ठरवून घ्यावे लागले, कोष्टके आखावी लागली, प्रमाणे नक्की करावी लागली. शास्त्रात एकवाक्यता येते ती अशा कंटाळवाण्या बैठकांतून.

निळ्या खंडांपासून संगणकापर्यंत

'ग्लोमार चॅलेंजर'च्या प्रत्येक मोहिमेचा एक जाडजूड खंड निघे. निळ्या बांधणीचे हे 'प्रारंभिक अहवाल' जगभरच्या ग्रंथालयांत गेले. त्यात छिद्रागणिक खोली, थरांची वर्णने, गाभ्यांची छायाचित्रे व शास्त्रज्ञांचे निबंध असत. खंड छापून यायला वर्षे लागत, हे खरे. पण ज्याला सागराचे दर्शनही कधी घडले नाही अशा विद्यार्थ्यालाही तो ग्रंथालयात बसून वाचता येई.

तरीही पुस्तकाला मर्यादा असतातच. शंभर स्थळांवरील एकाच जातीच्या जीवाश्माची नोंद गोळा करावयाची तर शंभर ठिकाणी पाने उलटावी लागत. म्हणून स्क्रिप्स संस्थेत माहिती हाताळणारा एक स्वतंत्र गट नेमण्यात आला. त्याने हे आकडे संगणकाच्या चुंबकीय फितींवर चढविले. कार्यक्रम संपल्यावर ते अमेरिकेतील बोल्डर येथील राष्ट्रीय भूभौतिक माहिती केंद्राकडे सोपविण्यात आले. १९९० च्या दशकात 'जॉयडीस रेझोल्यूशन'वर 'जेनस' ही संगणकीय नोंदपद्धती आली. तिला मागे व पुढे पाहणाऱ्या दुतोंडी रोमन देवाचे नाव आहे. ते सार्थच म्हणावयाचे, कारण नव्या मोहिमांचे आकडे सरळ तिच्यात जात होते आणि जुन्या मोहिमांचे आकडेही मागाहून तिच्यात भरण्यात आले. जर्मनीतील ब्रेमेन येथे 'पँजिया' नावाचे भांडार उभे राहिले. गाभे तपासून शास्त्रज्ञांनी पुढे काढलेले आकडे त्यात ठेवले जातात.

फिती जीर्ण होतात, संगणकाच्या भाषा बदलतात, वाचणारी यंत्रे भंगारात जातात. त्यामुळे हे आकडे दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवून घ्यावे लागतात. जुनी पोथी नव्या कागदावर नकलून ठेवणाऱ्या लेखनिकाचे काम येथेही संपत नाही.

एका वर्षाचा नियम

माहिती लावली, पण ती कोणाची? जहाजावर दोन महिने कष्ट घेणाऱ्या शास्त्रज्ञांना पहिला मान मिळावा, हे न्याय्यच आहे. परंतु कोट्यवधी रुपये खर्चून वर आणलेला गाभा कोणाच्या खाजगी कपाटात पडून राहावा, हे न्याय्य नाही. या दोहोंमधून एक साधा नियम निघाला. मोहीम संपल्यापासून साधारण एक वर्ष ते गाभे व त्या नोंदी मोहिमेतील मंडळींपुरत्या राखून ठेवावयाच्या. वर्ष उलटले की त्या सर्वांसाठी खुल्या.

खुल्या म्हणजे खरोखरच खुल्या. कोणत्याही देशातील संशोधक आपला प्रश्न काय, किती नमुने हवेत, ते कोणत्या सेंटिमीटरवरचे हवेत, हे लिहून अर्ज करू शकतो. अभिरक्षक तो अर्ज पारखतात. नमुन्यांची किंमत घेतली जात नाही. संशोधन प्रसिद्ध करणे आणि आपले आकडे सर्वांसाठी ठेवणे, हेच त्यांचे मोल. गाभे आज तीन ठिकाणी थंड कोठारांत, सुमारे चार अंश तपमानात ठेवलेले आहेत: अमेरिकेत टेक्सस राज्यातील कॉलेज स्टेशन, जर्मनीत ब्रेमेन आणि जपानमध्ये कोची. हे कोची केरळातील नव्हे. पण योगायोग असा की, हिंदी महासागरातील गाभे याच जपानी कोचीत असतात.

या नियमाचा लाभ केवळ सौजन्याचा नाही. एकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला त्याच चिमटीभर मातीवर तपासता येतो. भूमध्य समुद्राचे उदाहरण घ्या. १९७० च्या तेराव्या मोहिमेत त्याच्या तळाखाली मीठ व जिप्समचे थर सापडले. रायन, ह्सू व चिता या शास्त्रज्ञांनी, सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी हा समुद्र अटलांटिकपासून तुटून बहुतांशी आटला असावा, असे मत मांडले. ते अनेकांना अतर्क्य वाटले. किती आटला, कसा आटला यावर वाद आजही चालू आहे. परंतु वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांसमोर पुरावा एकच आहे. शास्त्रात यापेक्षा निकोप भांडण दुसरे नसेल.

जुन्या गाभ्यांची नवी साक्ष

माहिती एकत्र मांडली म्हणजे काय घडते, हे तिसऱ्याच मोहिमेत दिसून आले. १९६८ च्या अखेरीस डाकारहून रिओ द जानेरोकडे जाताना 'ग्लोमार चॅलेंजर'ने दक्षिण अटलांटिकमधील मध्यवर्ती पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना छिद्रे पाडली. बेसाल्टावर टेकलेल्या सर्वांत खालच्या गाळाचे वय काढण्यात आले. रांगेपासून सुमारे २०० किलोमीटरवर ते त्या वेळच्या मापनानुसार १ कोटी १० लाख वर्षे आले, सुमारे १,००० किलोमीटरवर ४ कोटी ९० लाख आणि १,३०० किलोमीटरवर ६ कोटी ७० लाख. कोणतेही एकच छिद्र यातून काही सांगत नव्हते. सर्व एका कागदावर मांडताच रेषा सरळ आली: सागरतळ रांगेपासून दोन्ही अंगांना वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर सरकत आहे. खंडे सरकतात हा तोवर वादग्रस्त असलेला सिद्धान्त त्या रेषेने भक्कम झाला.

दुसरे उदाहरण आपल्या पायाखालचे आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण बेळगावपासून माळव्यापर्यंत पसरला आहे. इंदूरची काळी माती त्याचीच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या प्रचंड पुरांतून तो निर्माण झाला. ज्या तप्त स्थानावरून हा लाव्हा आला ते स्थान जागीच राहिले आणि भारत उत्तरेकडे सरकत गेला, असे अनुमान होते. १९८७ च्या ११५ व्या मोहिमेत त्या वाटेवर छिद्रे पाडली गेली. मालदीवजवळचा बेसाल्ट सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोसजवळचा ४ कोटी ९० लाखांचा आणि मॉरिशसच्या उत्तरेकडील मॅस्करीन पठारावरचा ३ कोटी ३० लाखांचा. दख्खनपासून आजही धगधगणाऱ्या रीयुनियन बेटापर्यंत वयांची ही उतरती भाजणी आहे.

तिसरे उदाहरण मोसमी पावसाचे. ज्याच्यावर आपली शेती, आपले सण आणि आपल्या विहिरींचे पाणी अवलंबून, तो नैर्ऋत्य मोसमी वारा केव्हापासून वाहू लागला? हा वारा ओमानच्या किनाऱ्याजवळचे थंड व पौष्टिक पाणी वर आणतो. त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा सूक्ष्मजीव माजतो. १९८७ च्या ११७ व्या मोहिमेतील गाभ्यांमध्ये त्याची कवचे मोजून १९९१ मध्ये असे मांडले गेले की, या वाऱ्याने सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी जोर धरला. २०१५ च्या मालदीव मोहिमेनंतर मात्र त्याचा आरंभ १ कोटी २९ लाख वर्षांपूर्वीचा व आकस्मिक असल्याचे मत पुढे आले. मग ओमानकडील ते जुने गाभे कोठारातून पुन्हा बाहेर निघाले. तीस वर्षांनंतर, १९८७ मध्ये उपलब्धही नसलेल्या रीतींनी, त्यांतील सेंद्रिय रेणूंवरून प्राचीन समुद्राचे तपमान काढण्यात आले. प्रश्न अद्याप मिटलेला नाही. परंतु त्या गाभ्याच्या टोप्या कोणी उलट्या लावल्या असत्या किंवा खंडांचे क्रमांक पुसट झाले असते, तर तो विचारताही आला नसता.

पुढे तर छिद्रामागून छिद्र जोडून पृथ्वीच्या हवामानाचा अखंड आलेख रचण्यात आला. २००१ मध्ये जेम्स झाकोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीसहून अधिक स्थळांची माहिती एकत्र करून साडेसहा कोटी वर्षांचा आलेख काढला. २०२० मध्ये निवडक गाभ्यांवरून तो आणखी सूक्ष्म व काटेकोर झाला. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वी किती तापते, हा आजचा कळीचा प्रश्न. त्याच्या उत्तराची पडताळणी करावयाची तर ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची तापलेली पृथ्वी पाहावी लागते आणि ती याच आलेखात दिसते.

जहाज गेले, दप्तर राहिले

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने 'जॉयडीस रेझोल्यूशन'चा करार वाढविणार नसल्याचे जाहीर केले. खर्च वाढला होता आणि भागीदारांचा वाटा पुरेसा नव्हता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याची अखेरची मोहीम संपली. जपान व युरोप यांनी जानेवारी २०२५ पासून नवा कार्यक्रम हाती घेतला आणि चीननेही २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आपले वेधनजहाज सेवेत आणले. तेव्हा वेधन थांबले असे नव्हे. परंतु वर्षाकाठी चारपाच मोहिमा करून सतत गाभे आणणारे ते जहाज गेले, ही हानी मोठी आहे.

अशा वेळी घरातील साठवणीचे महत्त्व कळते. नव्या कार्यक्रमात नवे छिद्र न पाडता केवळ जुन्या गाभ्यांवर व नोंदींवर करावयाच्या संशोधनाला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. ते शक्य झाले कारण १९६८ पासूनच्या पिढ्यांनी, आपल्याला त्यातून काय मिळेल याचा विचार न करता, नोंदी नीट ठेवल्या. कोठाराची थंडी चालू ठेवण्याला, फिती नव्याने उतरविण्याला आणि अभिरक्षकाच्या पगाराला मात्र पैसा लागतोच. नव्या जहाजाला जलार्पणाचा सोहळा मिळतो. दप्तराच्या कपाटाला मिळत नाही. खर्चाला कात्री लागते तेव्हा तीही बहुधा या कपाटापासूनच. हा धोका ओळखला पाहिजे.

भारताचा या कार्यात वाटा आहे. तो गोव्यातून, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालविला गेला. वर ज्या ३५५ व्या मोहिमेचे उदाहरण दिले ती २०१५ सालची. कोलंबोहून निघून 'जॉयडीस रेझोल्यूशन' अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात गेले व मेअखेरीस मुंबईस लागले. गोव्याच्या या केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे तिचे संयुक्त प्रमुख होते. साडेतीन किलोमीटरहून अधिक खोल पाण्याखाली, दोन्ही स्थळी तळात अकराशे मीटर वेधन झाले. हिमालयाची झीज सिंधू नदीने कशी वाहून आणली हे त्या गाळात आहे. शिवाय सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडून समुद्रात कोसळलेल्या एका महाप्रचंड दरडीचे थरही त्यात सापडले. या दरडीला शास्त्रज्ञांनी 'नटराज' असे नाव दिले आहे.

ते गाभे आता कोचीच्या कोठारात आहेत. राखीव वर्ष केव्हाच उलटले. हैदराबाद, बडोदे, गोवा वा इंदूर येथे भूशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मुलीला त्यांच्या नोंदी आज घरबसल्या पाहता येतात आणि आपल्या मार्गदर्शकामार्फत नमुना मागताही येतो. तिचा प्रश्न चांगला असेल, तर दोन सेंटिमीटर जाडीची मातीची वडी तिच्या नावे निघेल, त्या रिकाम्या जागी स्पंजाचा तुकडा बसेल आणि नोंदवहीत एका ओळीची भर पडेल. मग त्या मातीविषयी तिला जे उमगेल ते तिच्यानंतर येणाऱ्या कोणालाही त्याच क्रमांकाखाली सापडेल.